आधी कोण टाकणार?

रंजिता,

टीना नावाच्या पोरीने निबंध वाचला आणि माझं डोकं फिरलं, पहिल्यांदाच चांगल्या बाजूला.

तुझ्या अणुबॉम्ब-शांतता निबंध स्पर्धेसाठी मी करडी गावातली नववीची पोरं लिहायला बसवली होती. टीनाने लिहिलं, "सगळ्या देशांनी बॉम्ब टाकावे, मग शांतता होईल."

मी ओरडलो, "हिरोशिमा शिकवला ना तुले?"

"दादा, टाकावे म्हणजे फेकून द्यावे. कचरा टाकतो तसे."

"पण आधी कोण टाकणार?"

"ज्याले जास्त अक्कल हाय तो. तुमी अंकुशदादाशी बोलत काहून नाही?"

पोरं खिदळली; आमचं भांडण अख्ख्या गावाला ठाऊक.

तुझ्या भावाशी, अंकुशशी, मारामारी करून मी कॉलेज सोडलं. "आधी त्याच्याशी बोल, मग माझ्याशी," तू म्हणालीस. तोच आधी बोलेल म्हणून मी वाट पाहून राहिलो.

आता मीच जातो. पत्र इथेच, तुझ्यासाठी निबंधांच्या गठ्ठ्यावर ठेवून, दार ओढून, अंकुशच्या गावी कारध्याला निघालो.

तुझा (अंकुशची हरकत नसेल तर),
कुंदन