मालधक्क्यावरची नोंद

वाशीम,
११ फेब्रुवारी १९५४

प्रिय रूपा,

हे पत्र तू स्वतः वाच. तुझ्या नवऱ्याला, उदयसिंगाला, किंवा तिथल्या मास्तराला वाचायला देऊ नकोस. सावकाश वाच. एखादं जोडाक्षर अडलं तर पुढे जा, मागून कळतं. पाटीवर शिकवताना मी तुला हेच सांगायचो, आणि तू अडलेल्या अक्षरावरच हट्टानं बसून राहायचीस.

आधी घरची खुशाली. याडीचा गुडघा थंडीत दुखला, तरी ती हरभरा सोंगायला गेलीच. म्हशीला रेडी झाली. याडी रोज संध्याकाळी 'माझी लेक' म्हणत तुझं नाव काढते आणि मग चुलीकडे वळते. मीही गेले तीन महिने तुला लिहिलं नाही. काय लिहावं ते सुचत नव्हतं, आणि नुसती खुशाली कळवणारं पत्र तुला पाठवावंसं वाटेना. आज मात्र लिहिण्यासारखं खूप आहे.

मी कचेरीत कारकून झालो हे तुला माहीत आहे. तांड्याला वाटतं मी साहेबाच्या शेजारी बसतो. खरं तर माझं टेबल दाराजवळ आहे, आणि आल्यागेल्याची धूळ आधी माझ्या कागदांवर बसते. दसऱ्यानंतर माझ्याकडे एक नवं काम आलं. सरकारी किंवा जिल्हा कौन्सिलच्या नोकरीत नव्यानं लागलेला माणूस जर देशाबाहेरून आलेला असेल, तर तो इथला नागरिक आहे का, आणि नसेल तर नोकरीला पात्र असल्याचा सरकारचा दाखला त्याच्याजवळ आहे का, हे तपासायचं. माझ्याकडे अशी सात प्रकरणं आली. एक नेपाळचा पहारेकरी होता. नेपाळच्या माणसाला मुभा आहे, त्याचं काम दोन दिवसांत झालं. कारंज्याच्या शाळेतला ड्रिल मास्तर गोव्याचा, म्हणजे अजून पोर्तुगीज सरकारची प्रजा. त्याचा कागद नागपूरला गेलाय. आणि सातवं प्रकरण होतं जऊळक्याच्या दवाखान्यात नव्यानं लागलेल्या सुईणीचं. नाव ईश्वरीबाई, राहणार मूळची सिंधमधली.

तिला मी बोलावणं पाठवलं. पस्तिशीची, उंच, पांढऱ्या ओढणीची बाई येऊन बाकावर बसली. कराचीच्या इस्पितळात सुईणीचं शिक्षण घेतल्याचा दाखला तिनं रुमालात बांधून आणला होता. तो चोख होता. मी विचारलं, हिंदुस्थानात केव्हा आलात? ती म्हणाली, अठ्ठेचाळीस सालच्या जूनमध्ये. बोटीनं मुंबईला, तिथून रेल्वेनं इकडे. पुरावा काय, म्हणून विचारलं तर म्हणाली, काही उरलं नाही. बोटीचं तिकीट, छावणीचं कार्ड, सगळं एका पत्र्याच्या पेटीत होतं. ती पेटी अकोल्याच्या फलाटावरून गेली. ज्या दिराबरोबर ती आली तो दुसऱ्याच वर्षी वारला.

आता तुला यातली गोम सांगतो. आपल्या घटनेत एक तारीख लिहून ठेवली आहे, १९ जुलै १९४८. तिकडून जो त्या तारखेच्या आधी आला आणि इथंच राहिला, तो आपोआप नागरिक. जो नंतर आला, त्यानं पन्नास सालच्या जानेवारीआधी अर्ज करून नाव नोंदवायला हवं होतं. ईश्वरीबाईनं नोंदवलं नव्हतं. मी आधीच आले तर कशाला नोंदवू, असं तिचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. पण आधी आल्याचं दाखवायचं कशानं? वरून हुकूम आला होता की जानेवारीअखेर पुरावा द्यावा, नाहीतर जागा रिकामी करावी. मी तिला हे वाचून दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बेटा, मी गेले तर दवाखान्यात दुसरी बाई केव्हा येईल?" मी हुकमाचा कागद घडी घालून ठेवला. ती लागण्याआधी दोन वर्षं ती जागा रिकामीच होती, आणि त्या दोन वर्षांत काय काय झालं ते तुला नि मला ठाऊक आहे.

ती उठून निघाली होती. दारात थांबली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली की मी इकडे आले तो दिवस कोणाला आठवत असेल तर एखाद्या लमाण बाईला आठवेल. डब्यात एक बाई अडली होती, सोबत फक्त म्हातारी सासू. जऊळक्याला त्या दोघी उतरल्या तशी मीही उतरले. दिराला म्हटलं तुम्ही पुढे व्हा. मालधक्क्यावर कापसाच्या गाठींच्या आडोशाला बाळंतपण केलं. मुलगी झाली. मग चार दिवस त्यांच्याच तांड्यात राहिले.

रूपा, माझ्या हातातला टाक तसाच राहिला. मी तेव्हा इथं बोर्डिंगात होतो, पण सुट्टीत आलो तेव्हा तूच मला सांगितलं होतंस. मदनसिंगाची कमलीबाई, सासू हिरीबाई, आणि स्टेशनात झालेली पोरगी. तू तेव्हा मोळी विकायला स्टेशनावर गेली होतीस, आणि स्टेशन मास्तरच्या चुलीवर पाणी तूच तापवलं होतंस. तेरा वर्षांची होतीस. आठ दिवस तू दुसरं काही बोलत नव्हतीस. त्या सिंधणबाईनं तुझ्या हातात नाळ कापायची कात्री उकळायला दिली होती म्हणून. पुढंही ती वाशीमला राहून तांड्यात बाळंतपणाला यायची, पण मी तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि तांड्यात तिला ईश्वरीबाई असं कोणी म्हणत नाही.

मी तसाच नायब तहसीलदार साहेबांकडे गेलो आणि सांगितलं की हा तांडा माझा आहे, तेव्हा ही तपासणी माझ्या हातून व्हायला नको. साहेबांनी ते कागद माझ्याकडून घेऊन आपल्यापुढं ठेवले. म्हणाले, "चौकशी मी करतो. तुम्ही पुरावा कुठे आहे तेवढा शोधा." हेडबाबू मात्र हसले. ते वाईट नाहीत, नियमाचे आहेत. म्हणाले, "साल आठवून उपयोग नाही हेमसिंग, तारीख पाहिजे. आणि साक्षीदार दोन पाहिजेत, प्रतिष्ठित. हुकमात तसाच शब्द आहे."

रविवारी मी तांड्यात गेलो. हिरीबाईला विचारलं, कमलीची पोरगी केव्हाची? ती म्हणाली, "पेरणी होऊन राह्यली होती तवाची." त्या साली पेरणी जूनमध्ये झाली का जुलैमध्ये, यावर दारात बसलेल्या पाच जणींची पाच मतं. तांड्याच्या नायकाला विचारलं तर ते म्हणाले, तांड्यातला जन्म आपण कुठं लिहायला जातो. तरी मी जऊळक्याला शालिग्राम पाटलांकडे गेलो. त्यांनी बिचाऱ्यांनी माळ्यावरून अठ्ठेचाळीसची जन्ममृत्यूची वही काढली, झटकली, आणि आपल्या तांड्याचं पान उघडलं. त्या पानावर सबंध सालात एक जन्म नव्हता. तीन मृत्यू होते.

मी पायऱ्या उतरून रस्त्यालाही लागलो होतो. आपली माणसं मेली की कागदावर येतात आणि जन्मली की येत नाहीत, हेच डोक्यात घोळत होतं. अर्ध्या वाटेत माझ्या ध्यानात आलं की ती पोरगी तांड्यात जन्मलीच नाही. ती जन्मली रेल्वेच्या हद्दीत. मी पळत परत गेलो. पाटील जेवायला बसले होते, तसेच उष्ट्या हातानं उठले, म्हणाले, "अरे, स्टेशनाची खबर तं मास्तर लेखी धाडत. थे पान येगळं." वहीच्या शेवटी ते वेगळं पान होतं. त्यावर लिहिलेलं मी तुला जसंच्या तसं उतरवून देतो: २७ जून १९४८. मुलगी. आई कमली, बाप मदनसिंग लमाण. ठिकाण मालधक्का. खबर देणार स्टेशन मास्तर. शेरा, सुईण एक सिंधी बाई, गाडीतील उतारू.

बावीस दिवस आधी. मी ती ओळ तीनदा वाचली. पाटलीणबाईंनी मला तिथंच जेवायला बसवलं आणि मी किती भाकरी खाल्ल्या ते मला आठवत नाही.

पण नाव नव्हतं ना. एक सिंधी बाई, एवढंच. ती बाई म्हणजे ही ईश्वरीबाई, आणि तेव्हापासून ती इथंच राहिली, हे सांगायला माणसं लागणार होती. मी तांड्यात निरोप ठेवला की शुक्रवारी हिरीबाई आणि कमलीबाईनं वाशीमला यावं, दोघीच पुरेत.

शुक्रवारी सकाळी मी कचेरीच्या ओट्यावर उभा होतो. स्टेशनाच्या रस्त्यानं आधी नुसता आवाज आला, हातातल्या चुड्यांचा आणि पायातल्या वाळ्यांचा. मग त्या दिसल्या. दोघी नाहीत, एकोणीस जणी. घेरदार फेटिया, अंगात कांचळी, आरशांच्या ओढण्या, जणू तीजेच्या सणाला निघाल्यात. अनेकींच्या कडेवर नाहीतर बोटाला लेकरू. शिपायानं त्यांना फाटकात अडवलं. चोरी झाली की पोलीस आधी आपल्या तांड्यात येतात, तेव्हा आपल्या बायका या इमारतीला वळसा घालूनच बाजारात जातात, हे तुला सांगायला नको. पण हिरीबाई त्याला म्हणाली, "आमाले बलावलं हाय. सरक." आणि तो सरकला.

हेडबाबूंनी साहेबांना हळूच विचारलं, या प्रतिष्ठित म्हणायच्या का? साहेबांनी हुकमाचा कागद पुन्हा वाचला. म्हणाले, "ज्या घरचं लेकरू त्या घरच्या बाईपेक्षा जन्माची साक्ष कोण चांगली देणार? लिहा." मग त्यांनी ईश्वरीबाईला इतर चार बायकांबरोबर बाकावर बसवलं आणि हिरीबाईला विचारलं, यातली ती कोण? हिरीबाईनं बोटसुद्धा दाखवलं नाही. सरळ जाऊन तिच्या शेजारी बसली आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. ईश्वरीबाई इतका वेळ ताठ बसली होती. तेव्हा तिनं ओढणी तोंडावर घेतली.

साहेब म्हणाले, ठीक. पण ती तेव्हापासून इथंच होती, मध्ये कुठं गेली नाही, हे कशावरून? मी घाबरलो, कारण हे मी त्यांना पढवलं नव्हतं आणि पढवायचंही नव्हतं. कमलीबाईनं मागं वळून आपल्या बोलीत काहीतरी सांगितलं, आणि बायका लेकरांना पुढं ढकलायला लागल्या. कमलीची पोरगी पहिली, साडेपाच वर्षांची. तिच्यामागं तिच्याहून थोडं लहान, मग त्याहून लहान. "हा लंगड्या बैलाच्या सालचा. हे त्याच्या दुसऱ्या सालची. हे जुळे, पुराच्या सालचे. अन् हे आता दिवाळीची," असं म्हणत कमलीबाईनं शेवटचं तान्हं साहेबांच्या टेबलावर कागदांवरच ठेवलं. "सारे इच्याच हातचे. एकही साल खाली नाई गेलं, साहेब. गेली असती तं हे आले असते कुठून?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी एकेक लेकराचं वय आणि आईचं नाव लिहून घेतलं, अकरा नावं. मग दोघींचे अंगठे घेतले. हिरीबाईनं अंगठ्याची शाई ओढणीला न पुसता तशीच राहू दिली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "आजलोक सरकार आमाले इचारे का तुमी कोन हा. आज आमी सरकारले सांगतलं का थे कोन हाय." आणि बाजाराकडे निघाली, कचेरीच्या समोरून, मधल्या रस्त्यानं. बाकीच्या तिच्यामागून. हेडबाबू खिडकीत उभे राहून पाहत होते. संध्याकाळी त्यांनी स्वतः तो अहवाल सुवाच्य अक्षरात उतरवून काढला, मला हात लावू दिला नाही.

परवा, मंगळवारी, अकोल्याहून उत्तर आलं. ईश्वरीबाई घटनेप्रमाणे नागरिक आहे, वेगळ्या दाखल्याची गरज नाही, जागेवर कायम करावं. मी सायकल काढली आणि तो कागद घेऊन स्वतः जऊळक्याला गेलो. ती दवाखान्याच्या मागे धुणं वाळत घालत होती. मराठी तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. मग भांडी घासावी तसे ती हात घासून धूत राहिली, बराच वेळ, आणि शेवटी म्हणाली, "आता माझं पण एक गाव आहे." तांड्यात त्या दिवशी गोड झालं. याडी गुडघा विसरून नाचली, हे मी तुला शपथेवर सांगतो.

आता हे पत्र का, ते सांगतो. उदयसिंगाची चार ओळींची चिठ्ठी मला पौषात मिळाली. तुला सातवा लागलाय, आणि तू माहेरी यायला नाही म्हणतेस. दोन लेकरं गेली, आता पाय अपशकुनी झालेत, ते याडीच्या दारात आणणार नाही असं म्हणालीस, असं त्यानं लिहिलंय. रूपा, तुझ्या पायात काही नाही. पहिल्या खेपेला तू इथं आलीस तेव्हा जऊळक्याची जागा रिकामी होती, आणि ईश्वरीबाई वाशीमला दुसऱ्या बाळंतिणीजवळ अडकली होती. दुसऱ्या खेपेला तुमच्या तांड्यात कोणीच नव्हतं. मी हे सगळं तिला सांगितलं. कात्री उकळणारी ती मुलगी का, असं तिनं विचारलं, आणि मी हो म्हटलं तर ती उठून आत गेली आणि कागद घेऊन आली. काल तो कागद माझ्या टेबलावर आला, तिचा कायम झाल्यानंतरचा पहिला रजेचा अर्ज, तीन दिवसांचा, कारणाच्या जागी मीच तिच्या सांगण्यावरून लिहिलंय, "बाळंतिणीला माहेरी आणण्यासाठी." साहेबांनी मंजूर केलाय. येत्या सोमवारी सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं आम्ही दोघं पुसदला उतरून तुमच्या तांड्यात येतो. तू बिछाना बांधून ठेव.

तुझाच,
हेमसिंग भिया