जुना बाण

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. भाऊजींचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात जुन्या चादरींखाली टाकलास, हे वाचल्यापासून रोज उत्तर लिहायला बसतो. साठी उलटलेल्या माणसाला एकट्यानं धबधबा बघायला जायची कसली हौस, आणि वाट सोडून कड्याकडे जायचं कसलं खूळ, असं तू विचारतेस. तीन महिने तू गेलेल्या माणसाशी भांडते आहेस, आणि त्यांना उत्तरही देता येत नाही.

इथलं म्हणशील तर त्या अपघातापासून घळ अजून बंदच आहे. पायवाटेवर रान माजलंय. पाणी मात्र भरपूर, धबधबा चौकीपर्यंत ऐकू येतो. मी खिडकी लावून घेतो. बायको हसते, म्हणते, बावीस वर्षं नोकरी केलेल्या वनरक्षकाला आता पाण्याचा आवाजही सोसेना. तिला काय सांगू?

तुमच्या लग्नानंतर आपण तिघं बाजारात निघालो होतो, आठवतं? रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी लाल दिवा लागला म्हणून भाऊजी चालत असूनही थांबले. आपण पलीकडे जाऊन पोट धरून हसलो. चौतीस वर्षं बस चालवली, पण गाडीला कधी ओरखडा नाही. मी घळीतल्या दगडांवर वाट दाखवायला पिवळे बाण रंगवतो, याचं त्यांना केवढं कौतुक! मेहुण्याच्या बाणांवर डोळे मिटून चालावं, असं डेपोत सगळ्यांना सांगायचे. त्या सकाळी त्यांना चहा मीच दिला. सोबत जाणार होतो, पण कागदपत्रं आडवी आली. नुसते बाण बघत जा, एवढंच सांगितलं. त्यांनी पाण्याची बाटली उचलली, टोपी घातली आणि गेले.

असा माणूस वाट सोडेल का गं? तू रागात आहेस म्हणून हा प्रश्न तुला पडला नाही. मला पहिल्या दिवसापासून पडायला हवा होता, पण मला उत्तर माहीत होतं. गेल्या वर्षी दरड कोसळली, तेव्हा जुनी वाट कड्यापाशी तुटली. मी ओढ्याच्या पलीकडून नवे बाण रंगवले. फाट्यावरचा जुना बाण तारेच्या ब्रशनं खरवडायचा राहिला होता. गुडघा दुखत होता, घरी जायची घाई होती. उद्या बघू म्हटलं. आठ महिने गेले. भाऊजींना कड्याखालून वर आणलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी चौकशीची माणसं यायच्या आत जाऊन मी तो बाण खरवडून टाकला. वीस मिनिटं लागली, ताई. फक्त वीस. मग मृताने स्वतःहून वाट सोडली असं साहेबांनी अहवालात लिहिलं, आणि त्याखाली मी सही केली. उद्या सकाळी साहेबांसमोर सगळं कबूल करणार आहे. नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही होईल. पण दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. भाऊजींनी वाट सोडली नाही गं. मी दाखवली तिकडेच ते गेले. त्यांचा फोटो बाहेर काढ, पुसून जागेवर लाव. आणि भांडायचं तर माझ्याशी भांड. उत्तर द्यायला मी आहे.

तुझाच, असं लिहायचा हक्क उरला असेल तर,
धाकटा