हिनकलच्या आवळीखालचा लपंडाव

लष्कर मोहल्ला, म्हैसूर
कार्तिक वद्य सप्तमी, शके १८३४

राजमान्य राजश्री संताजीराव मेहुणे यांच्या सेवेशी भुजंगरावाचे कृतानेक नमस्कार. बेंगळुरात थंडी पडली असेल, तेव्हा आपला गुडघा कसा आहे ते कळवावं. (मागं पाठवलेलं तेल चोळायचं होतं, प्यायचं नव्हतं, पण झालं ते झालं.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. सगळे म्हणजे किती, ते पुढं येईलच.

आपल्या भगिनी भागीरथीबाई यांनी यंदा हट्टच धरला, की पोरांना घेऊन आवळीखाली जेवायला जायचं. मी शाळेत कवायत मास्तर, सहा दिवस पोरांना उन्हात पळवतो. सातव्या दिवशी स्वतःच्या पोरांना उन्हात न्यायची हौस मला कुठली? पण पौर्णिमेआधीच्या आदितवारी शेजाऱ्यांचा छकडा मागून आणला आणि वनजा, नरसिंह, तुंगा आणि पुऱ्यांचा डबा घेऊन हिनकलच्या रस्त्याला लागलो. (डबा मोठा होता, म्हणून बऱ्याच वाटेनं मी चालत होतो.) तिथल्या आवळीच्या बनात पोचतो तर निम्मा लष्कर मोहल्ला आधीच येऊन बसलेला! एकही सावली शिल्लक नाही. फक्त पार टोकाला, एका कोरड्या पायऱ्यांच्या विहिरीपाशी, एक भली डेरेदार आवळी मोकळी होती. लोकांना चांगली जागा ओळखता येत नाही, असं मी मोठ्यानं म्हणालोही.

पानं मांडतो तोच सरपणाची मोळी घेतलेली एक म्हातारी थांबली आणि कानडीत म्हणाली, "ऊटा माडि, आटा बेड." म्हणजे जेवा, पण खेळू नका. भरल्या पोटी कवायत नको हे मीही शाळेत सांगतो, तेव्हा बाई समजूतदार दिसली. पण मी जेवून आडवा झालो आणि पोरांनी लपंडाव मांडला. राज्य नरसिंहावर आलं, आणि तुंगानं मला ओढून उठवलं, "अप्पा, तुम्हीपण!"

लपायचं ते नीट लपावं, म्हणून मी विहिरीत उतरलो. अर्ध्यावर भिंतीत एक मोठा कोनाडा होता, आत मिट्ट काळोख. मी पोट आत घेऊन त्यात शिरलो. (शिरलो खरा; निघण्याचा विचार तेव्हा केला नव्हता.) वर नरसिंह कानडीत आकडे मोजत होता. बाहेर भर दुपार असून आत गारठा होता. एवढ्यात शेजारून एक चिमुकला हात माझ्या हातात आला. थंडगार. म्हटलं, तुंगा माझ्यामागून आली. मी तिच्या तळहातावर खिशातली चकली ठेवली. ती कुजबुजली, "यारू बरले इल्ल." कोणी आलंच नाही. घरात मराठीच बोलायचं हा माझा दंडक आपणास ठाऊक आहेच. मी दटावलं, "तुंगे, मराठीत बोल." तर पुन्हा तेच, आणखी हळू: "यारू बरले इल्ल."

आणि वरून तुंगाचा आवाज आला, "अप्पा, साकु, पुरे! बाहेर या, आम्ही हरलो!" पाठोपाठ वनजा हसली, नरसिंहानं शीळ घातली. तिघंही वर होती. माझ्या हातातला हात मात्र तसाच होता.

मी बाहेर कसा आलो ते विचारू नका. कोटाची चार बटणं आणि पागोटं आतच राहिलं. आमचे पणजोबा घोडदळात होते. त्या दिवशी मी त्यांच्या घोड्याची चाल चाललो. भागीरथीबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "केवढी असेल हो?"

म्हातारी अजून तिथंच होती. तिनं खालच्या मानेनं सांगितलं, की प्लेगाच्या साली गाव घाईघाईत रानात हलवला तेव्हा पोरं लपंडाव खेळत होती. या विहिरीत लपलेली एक मुलगी मागंच राहिली. तिला वाटलं, अजून राज्यच चालू आहे.

आपल्या भगिनीनं पदराला हात पुसले आणि ती एकटी खाली उतरली. मी वरच्या पायरीवर पिछाडी सांभाळत उभा होतो. ती कोनाड्यापाशी वाकली आणि हसून म्हणाली, "सिक्कबिट्टे कणे! बा, मनेगे होगोण." सापडलीस गं! ये, घरी जाऊ.

(पहिलंच वाक्य पुरेसं होतं, असं माझं आजही मत आहे.)

वारा नव्हता. पायऱ्यांवरचा वाळका पाला एकेका पायरीवर चुरचुरत वर आला आणि माझ्या शेजारून गेला. परतताना छकड्यात वनजा आणि तुंगा कोणी न सांगता मध्ये जागा सोडून बसल्या. मी अख्खी वाट चालत आलो, डबा रिकामा असूनही.

असो. मी शिकलेला माणूस, अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. वडील मंडळींस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला,
भुजंगराव

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण असं, की तुमची बहीण रोज पोरांच्या पंगतीत एक पान जास्त मांडते. माझं ऐकत नाही. थोरल्या भावाच्या नात्यानं तिला दोन खरमरीत ओळी लिहाव्यात.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं दोन दिवस राहिलं. वरची विनंती रद्द समजावी. काल संध्याकाळी पोरांनी राज्य माझ्यावर दिलं. तिघं लगेच सापडली. पोरं म्हणाली, संपला डाव. माझे पाय मात्र हलेनात. मनात आलं, आपण न शोधताच जेवायला बसलो, तर ती पुन्हा तशीच बसून राहील. साऱ्या घरात हिंडलो. शेवटी कणगीमागच्या अंधारात हात घातला आणि म्हटलं, "सापडलीस." तर कोणीतरी हसलं, आणि चक्क मराठीत म्हणालं, "अप्पा, फार वेळ लावलात."

तेव्हा संक्रांतीला भाच्यांसाठी बांगड्या पाठवाल, त्या यंदा दोन नव्हे, तीन जोड पाठवाव्या. तिसरा तुंगाच्याच मापाचा. हिरव्या असाव्यात, आणि वाजणाऱ्या. म्हणजे शोधायला बरं.