ताईच्या वाट्याचा रविवार

प्रिय ताईस सलाम,

तू आत्ता चर्चमध्ये आहेस आणि मी बाबांच्या खाटेपाशी. गेल्या रविवारी मी तिथे सेवेवर बोलले, सगळ्यांनी कौतुक केलं. घरी आले तर तू बाबांची ओली चादर बदलत होतीस. "काय बोललीस गं आज?" तू विचारलंस. मला सांगवेना. म्हणून आज तुला बळेच पाठवलं.

चादर घालताना मला घाम फुटला. बाबा म्हणाले, "पदवीधर बाई, आधी मला कुशीवर तर वळवा."

बाबा अंथरुणाला खिळल्यापासून सहा वर्षं दर रविवारी तू इथे थांबलीस, म्हणून मी चर्चमध्ये गाऊ, बोलू शकले. आज प्रभूचे आभार मानताना आधी तुझंच नाव आलं. हे वाचून तू लाजशील, म्हणून पत्र देणार नाही.

बाबांना विचारलं, "पुढच्या रविवारीही मीच थांबू?"

"थांब," म्हणाले, "पण आधी ताईकडून शिकून घे."

तुझी ऋणी,
धाकटी