बिनगाठीची शिवण

२५ जुलै
अधिक महिना लागला. न्याहारीलाच सासूबाईंचा हुकूम — "कफन शिवायला घे. अधिक महिन्यात शिवून ठेवलं की आयुष्य वाढतं."
ब्याऐंशी झाली, अजून वाढवायचंय! माझा नवरा एक्केचाळीसाव्या वर्षी गेला. त्याला द्यायचं होतं थोडं.

२९ जुलै
ताजी निळीची पानं वाटली. बर्फाच्या पाण्यात दुपारभर हानजी कागदाचं कापड चोळलं. बोटं बधिर. "हात बाहेर काढलास तर डाग पडेल. मग गाठ माझ्याशी आहे!"
कागद कातून विणलेलं कापड, पण रंग काय सुरेख प्यायलं! वाया गेला म्हातारीवर.

१ ऑगस्ट
कापड त्यांनीच बेतून दिलं. बाह्या लांब वाटल्या, तसं म्हटलं. "मेल्यावर माणूस लांबतं. तुला काय कळतंय!"

२ ऑगस्ट
सोलहून एका दुकानाच्या बाई आल्या. मी शिवलेली कागदी कापडाची पर्स उचलून म्हणाल्या, "किती सुबक! हात कुणाचा?"
"माझाच," सासूबाई म्हणाल्या. "ही नुसती रंगाचं पाणी बदलते."
एकोणीस वर्षं! माझ्या प्रत्येक पिशवीवर त्यांचा लाल शिक्का. मी हसून चहा ओतला.

५ ऑगस्ट
कफनाला गाठ मारायची नसते. दोरा संपला की तसाच सोडायचा, नाहीतर जीव इथेच अडकतो. दिवसातून तीनदा ऐकवतात. नवऱ्याचं कफन मी शिवायला बसले होते, तेव्हा हातातून सुई हिसकावली होती — "खाल्लंस त्याला, तेवढं पुरे."
आज काखेतल्या शिवणीत, अस्तराआड एक गाठ मारली. तिळाएवढी. फार बरं वाटलं!

९ ऑगस्ट
सात झाल्या.

१४ ऑगस्ट
कफन घडी करून दिलं. सासूबाईंनी डोळे मिटून शिवणींवर बोटं फिरवली. काखेशी थांबल्या. मी उगाच सुया मोजायला लागले.
"शिवण बरी आहे," म्हणाल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा!

२२ ऑगस्ट
अधिक महिना संपला. सासूबाईंनी कफन माझ्याच मांडीवर आणून टाकलं.
"माझं केव्हाच शिवून ठेवलंय मी, बिनगाठीचं. हे तुझं. तुझ्याच मापानं बेतलं होतं." मग हसल्या. "सात आहेत ना? राहू देत. मी गेल्यावर इथलं बघायला कुणीतरी अडकून राहायलाच हवं."
कफन उलटून पाहिलं. काखेत, गाठींच्या शेजारीच, त्यांचा लाल शिक्का आहे.