सहा सुके मासे आणि पा लमाईचा डोळा

त्रांग, रविवार दुपार

मनांग कोन्चिंग,

तुझा हात माझ्या कपाळाला लागलाय असं समज आणि आशीर्वाद दे. समुद्रापलीकडून तो लागू पडतो की नाही मला ठाऊक नाही, पण गेल्या दोन महिन्यांत माझी जी काय फजिती झाली ती बघता दिलेला बरा. तुझे गुडघे कसे आहेत? चर्चच्या पायऱ्या चढताना अजून कटकट वाजतात का? भावोजींचा लाल कोंबडा झुंज जिंकला की ताटात आला? (ताटात आला असेल तर सांगू नकोस, मी त्याला अंड्यातनं बाहेर आल्यापासून ओळखते.) फोन न करता पत्र लिहिते आहे म्हणून रागावू नकोस. तू फोन उचललास की आधी स्पीकर लावतेस, मग भावोजी ऐकतात, शेजारीण ऐकते आणि मधेच कोंबडा ओरडतो. मला जे कबूल करायचंय ते एकट्या तुझ्यापाशी करायचंय. शेवटपर्यंत वाच, अर्ध्यावर बोंब मारू नकोस.

तुझं पत्र मिळालं. आपल्या शाळेत जूनपासून जागा आहे, हेडमास्तरीणबाई म्हणजे माझी धर्ममाताच आहे, नाताळापर्यंत हो की नाही कळव, हे सगळं वाचलं. शेवटी तू लिहिलंयस, ‘सहा वर्षं त्या देशात राहून तुला पाण्याचा पेला मागता येत नाही. एक तर त्यांची भाषा शीक, नाही तर घरी ये. असं दोन होड्यांत पाय ठेवून किती दिवस बसणार?’ मनांग, तुझं म्हणणं खरं आहे. फक्त पाण्याचा पेला मला मागता येतो. बोटानं.

आता तू म्हणशील, सहा वर्षांत शिकायला काय धाड भरली होती? माझी अडचण समजून घे. शाळेत मला इंग्रजी शिकवायचं असतं, तिथं थाई बोलायची बंदीच आहे. आणि बाहेर आडवा येतो माझा चेहरा. आमच्या शाळेत ग्रॅहम नावाचा एक कॅनडाचा मास्तर आहे, उंच, लाल, डोक्यावर चार केस. त्याला अकरा थाई शब्द येतात (मी मोजलेत). तो बाजारात जाऊन नुसतं ‘नमस्कार’ म्हणाला की भाजीवाल्या टाळ्या पिटतात, ‘अगं बाई, किती गोड बोलतो!’ म्हणून त्याच्या पिशवीत फुकट मिरच्या टाकतात. मी जाते तर मी त्यांच्यातलीच दिसते. तोच रंग, तेच नाक, तीच उंची. मी इंग्रजीत ‘मला थाई येत नाही’ म्हटलं की त्यांना वाटतं बया चार दिवस परदेशी राहून आली आणि शेफारली. मग त्या तेच वाक्य दुप्पट मोठ्यानं म्हणतात. एका फळवालीनं तर मला मुकीच ठरवलं आणि तीन आठवडे रोज एक आंबा जास्त घातला. (मी घेतला. आंबा चांगला होता. हेही पाप लिहून ठेव, एकदमच माफी मागू.)

तेव्हा मी एक सोपी युक्ती काढली. कोणी काही बोललं की हसायचं आणि नंदीबैलासारखी मान डोलवायची. त्यानं सहा वर्षं माझं काही अडलं नाही. पाणीवाला हसतो, टपालवाला हसतो, मी हसते, जग चालतं. आणि सगळ्यात जास्त मान मी डोलवली ती पा लमाईपुढे. पा म्हणजे मोठी मावशी, जशी आपल्याकडे मोठी बहीण ती मनांग. ती माझी घरमालकीण, बासष्ट वर्षांची. खाली तिचं कॉफीचं दुकान आणि वर लाकडी माडीवर मी. तिच्या नावाचा अर्थ ‘सौम्य’ असा आहे असं म्हणतात, पण दुकानात कोणी कॉफी अर्धी टाकून उठला तर ती त्याला रस्त्यापर्यंत पोचवून शिव्या देते. रोज सकाळी मला कॉफी देताना ती काहीतरी लांबलचक सांगते, मी ‘हो, हो’ करते. फोनवर भाषांतराची सोय आहे हे मलाही माहीत आहे, तू सांगायला नको. एकदा करून पाहिलं. ती मला सोडून फोनशीच बोलायला लागली, त्याला कॉफी हवी का म्हणून विचारलं. मी फोन बंद केला.

तर सप्टेंबरच्या अखेरीस एका सकाळी पा लमाईनं कॉफी ठेवली आणि माझ्यासमोर बसली. सहा वर्षांत ती कधी गिऱ्हाइकासमोर बसलेली मी पाहिली नव्हती. तिनं माझा हात हातात घेतला, बराच वेळ बोलली, डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं न्हाणीघराची गळकी तोटी, कारण आदल्याच दिवशी मी ती बोटानं दाखवली होती. (तोटीसाठी कोण रडतं, असं तू विचारशील. ते मला तेव्हा सुचलं नाही.) मी तिच्या हातावर थोपटलं आणि एकदा नाही, तीनदा ‘हो’ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यावर पांढऱ्या कपड्यांचा जोड घडी करून ठेवलेला! गल्लीभर पिवळी निशाणं लागलेली. दर वर्षी नऊ दिवस इथले चिनी वंशाचे लोक व्रत धरतात. पांढरं नेसायचं, मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. आपल्या उपासाला निदान मासा तरी चालतो! मला वाटलं, भाडेकरूंना गणवेश असेल. घातला कपडा आणि नेहमीप्रमाणे न्याहारीला निघाले लुंग तियानच्या दुकानात. मनांग, तुला सांगते, या गावात लोक सकाळी सात वाजता भाजलेलं डुक्कर खातात, कुरकुरीत कातडीसकट. मी सहा वर्षं इथं टिकले त्यातली निदान चार वर्षं त्या कातडीच्या जोरावर. बाकीच्यांनी दुकानं बंद ठेवली होती, लुंग तियानचं उघडं होतं, पण त्यानं माझे पांढरे कपडे पाहिले आणि सुरा खाली ठेवला. मी बोट दाखवलं. त्यानं हात जोडले. मी दोन बोटं दाखवली. त्यानं मांसावर चक्क फडकं टाकलं आणि अख्ख्या गल्लीला ओरडून काहीतरी सांगितलं, तशा चार बाया येऊन मला कौतुकानं घरापर्यंत सोडून गेल्या. दुसऱ्या दिवशी रंगीत झगा घालून मी पलीकडच्या गल्लीत गेले. तिथंही बातमी पोचलेली! पाच दिवस मी टोफू खाल्ला. तळलेला टोफू, उकडलेला टोफू, मांसाचं सोंग घेतलेला टोफू. त्याच्यावर मात्र माझा फार राग.

आणि सहाव्या दिवशी, मनांग, तुझं पार्सल आलं.

तुझा दोष नाही. तू प्रेमानं पाठवलेस. पण ते खारवलेले सुके मासे पिशवीतून बाहेर आले आणि माझ्या डोळ्यांपुढे आईचं स्वयंपाकघर उभं राहिलं. मी खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला, पंखा भिंतीकडे वळवला आणि भर दुपारी चार मासे तळले. (सहा. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?) भाताबरोबर, व्हिनेगर घालून, काट्यासकट खाल्ले, आणि खाताना रडले. काय सुख झालं म्हणून सांगू!

सातव्या दिवशी शाळेत विफाबाई भेटल्या. त्या आमच्याकडे गणित शिकवतात आणि त्यांना इंग्रजी येतं. माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, ‘किती मोठं मन तुमचं! पोटची मुलगी वेळ नाही म्हणाली आणि तुम्ही पा लमाईच्या डोळ्यासाठी नऊ दिवसांचं व्रत घेतलंत. पा लमाई बाजारभर सांगत सुटलीय, वरची माझी लेक माझ्यासाठी करतेय म्हणून.’

मी त्यांना तिथंच बसवून खोदून विचारलं. पाच मिनिटांत सगळं कळलं. पा लमाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा जवळजवळ गेलेला, डाव्याचं ऑपरेशन व्रत संपलं की तिसऱ्या दिवशी. तो बिघडला तर दुकान बंद, आणि दुकान बंद झालं तर ती लेकीकडे हाट याई शहरात जाणार, जिथं तिला कोणी स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही. त्या सकाळी ती हे सांगत होती. आणि मी तोटी समजून हो म्हटलं होतं.

राहिलेले तीन दिवस मी इतकं कडक पाळलं की पाणीसुद्धा वास घेऊन प्यायले. वर आणखी नऊ दिवस माझ्या पदरचे धरले, रोज एक अख्खी जपमाळ. (बौद्ध-चिनी व्रताला आपली जपमाळ चालते की नाही ते फादरना विचारू नकोस.) ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले उत्तम झालं, धीर धरा, हळूहळू दिसेल. दोन आठवडे गेले तरी दिसेना. पा लमाई पट्टी काढून दुकानात उभी राहायची आणि कॉफी कपाच्या शेजारी ओतायची. गिऱ्हाइकं गुपचूप टेबल पुसायची. तिनं शिव्या देणंसुद्धा सोडलं होतं. मी जिन्यातून हे बघत होते आणि मनात स्वतःला एकच म्हणत होते, दिता, हे तुझे सहा मासे.

कबूल तर करायला हवं. पण कसं? विफाबाईंना मध्ये घातलं तर संध्याकाळपर्यंत जिल्ह्याला कळणार. फोनला घातलं तर ती माफी फोनला देणार. ग्रॅहमच्या अकरा शब्दांत मासा नाही. तेव्हा मी विफाबाईंना रोज एकच शब्द विचारायला लागले, संशय नको म्हणून. सोमवारी ‘मासा’. मंगळवारी ‘खाल्ला’. बुधवारी ‘व्रत’. गुरुवारी मी ‘क्षमा’ विचारल्यावर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या आणि म्हणाल्या, ‘अगंबाई! किती खाल्लेत?’ मग शुक्रवारी त्यांनी आपण होऊन ‘सहा’ शिकवला. बाई गणिताच्या आहेत, पण मनानं चांगल्या आहेत. कोणाला बोलल्या नाहीत.

काल सकाळी दुकान रिकामं होतं. मी खाली गेले, खुर्ची ओढली, तिचा हात हातात घेतला आणि पाठ केलेलं सगळं एका दमात म्हटलं. मी मासा खाल्ला. सहा. व्रतात. क्षमा कर. सहा वर्षांत ‘हो’ सोडून माझ्या तोंडून निघालेलं पहिलं थाई बोलणं, आणि तेही कबुलीजबाबाचं! पा लमाईचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती, मनांग. पोट धरून हसत होती. मग नाकावर बोट ठेवून सावकाश, एकेक शब्द तोडून बोलली, आणि मला ते कळलं. खरंच कळलं, कोणी न सांगता. ‘डोळा अधू होता, पोरी. नाक नव्हतं.’

तिला त्याच दुपारी कळलं होतं. जमिनीच्या फळ्यांतून वास थेट तिच्या देव्हाऱ्यापर्यंत उतरला होता. ती रागावली नाही. नऊ दिवस संपल्यावर सगळ्यांनी पांढरं उतरवलं, तिनं आणखी तीन दिवस ठेवलं, माझ्या वाट्याचे. हे तिनं बोटं मोजून, पांढरा कपडा दाखवून सांगितलं. तुला सांगते, तेव्हा मात्र मी रडले, आणि तोटी बाजूलाच राहिली. (ती अजून गळते.)

आणि मग तिनं डोकं मागे घेऊन मला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाली, ‘जाड झालीस.’ मलाही तो शब्द ठाऊक होता, इथं रोज कोणी ना कोणी ऐकवतं. मी रडायची थांबले. टोफूवर कोणी जाड होत नाही हे खरं, पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की तिला दिसलं! मग तिनं स्वतः कॉफी ओतली. थोडी सांडली, पण कपात जास्त पडली. पलीकडे तेवढ्यात येऊन बसलेला एक जण अर्धा कप टाकून उठला, त्याला पाठ फिरवू दिली आणि मग काय शिव्या घातल्यात! इतकं गोड मी या देशात काही ऐकलं नव्हतं.

जाता जाता तिनं पुन्हा माझा हात धरला, पुन्हा काहीतरी लांबलचक विचारलं, आणि मी ‘हो’ म्हटलं. (कपाळावर हात मारलास ना? दिसलं मला.)

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की थाई शिकावी की घरी यावं, हे माझं अजून नक्की ठरत नाही. भाषा अवघड आहे, माझं वय एकेचाळीस, डोकं आधीच भरलेलं. नीट विचार करून नाताळापर्यंत कळवते. गुडघ्यांना गरम तेल लाव. सगळ्यांना आठवण सांग, कोंबड्यालाही.

तुझी धाकटी,
दिता

ता. क. हेडमास्तरीणबाईंना सांग, जागा दुसऱ्या कोणाला द्या. माझ्यासाठी अडवून ठेवू नका.

आणखी एक. एप्रिलमध्ये पा लमाईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. दवाखान्यात घरचं माणूस म्हणून मी जाणार, नर्स विचारेल त्याची उत्तरं मीच द्यायची. विफाबाई रोज संध्याकाळी एक तास शिकवणार आहेत, पहिलीच्या पुस्तकापासून. म्हणून माझा जुना चष्मा पाठव, ती अक्षरं फार बारीक आहेत.

शेवटचं. चष्म्याबरोबर सुके मासे पाठव, बारा. सहा माझे, सहा तिचे. त्या दिवशी वासानं तिचाही जीव खायला कासावीस झाला होता म्हणे. आणि दवाखान्याच्या त्या ‘हो’ची काळजी करू नकोस. या वेळी मी तिला थांबवलं होतं. तीनदा पुन्हा म्हणायला लावलं, सगळं कळलं, आणि मगच मान हलवली.