नवा कॅम आणि अब्बांचा पाय

३ नोव्हें., सोम.
नवा कॅमशाफ्ट बसला एकदाचा. दिवसभर गॅरेजात दुसरं काम घेतलं नाही. आयडलिंगला गाडी थरथरते, पण आवाज असा की शेजारचा रेडिएटरवाला हातातलं काम टाकून बघायला आला. इंजिनाची ओढ मोजायला व्हॅक्यूम गेज लावला. जुन्या कॅमवर काटा अठरावर गप्प बसायचा. आता अकरा, तोही नाचतोय. साहजिक आहे. या कॅमवर आतले-बाहेरचे व्हॉल्व्ह जास्त वेळ एकदम उघडे राहतात, गाडी जागेवर उभी असताना इंजिनाची ओढ त्यातच वाया जाते. वरच्या आरपीएमला सगळी भरपाई. डिसेंबरात घाटात जुन्या गाड्यांची शर्यत आहे, तिथे वरचंच लागतं.
जुना कॅम तेल लावून, कागदात गुंडाळून बाकाखाली.

९ नोव्हें., रवि.
अब्बा नेहमीप्रमाणे हीच गाडी घेऊन वारज्याला, माझ्या बहिणीकडे, नसरीनकडे. परत आले. जेवताना म्हणाले, ब्रेक फार जड लागतोय, सिग्नलला पुढच्या रिक्षाला टेकता टेकता राहिलो. मग स्वतःच गुडघा चोळत, वय झालं आता.
हात धुताना माझ्या डोक्यात उजेड पडला. पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टर इंजिनाच्या ओढीवरच चालतो. अकरावर तो अर्धपोटी. रांगेत सारखा ब्रेक मारत गेलं की पेडल दगड होणार. गुडघ्याचा संबंधच नाही.
आधी बायकोला, रुखसानाला सांगितलं, मग अब्बांना सांगायला बाहेर आलो तर तिने डोळ्यांनीच गप्प केलं. अब्बांनी गाडी सोडावी म्हणून ती आणि नसरीन कधीच्या मागे लागल्यात. त्यामुळे…

१० नोव्हें., सोम.
नसरीनचा फोन. "झालं ते बरंच झालं, दादा. त्यांचं त्यांनाच कळलं. आपण वाईट व्हायला नको." अब्बा अठ्ठ्याहत्तर. तिचंही चूक नाही.
कॅम काढावा लागणार नाही, हाही एक फायदा. तो मी फोनवर बोललो नाही.

१२ नोव्हें., बुध.
ठिणगीचं टायमिंग. आठ अंशांवर होतं, डिस्ट्रिब्युटर फिरवून चौदावर नेलं. ठिणगी लवकर पडली की आयडलिंगला जळण नीट होतं, ओढ वाढते. काटा तेरा. हाव सुटली, सोळा केलं. साडेतेरा. पण गरम इंजिन स्टार्टरला उलटा झटका देतं आणि चढावर टकटक वाजतं. मुकाट चौदावर परत. पेडल जरा मऊ झालं, पण पहिल्यासारखं नाही. कॅमने घेतलेलं टायमिंग थोडंफार परत देतं, सगळं नाही.

१६ नोव्हें., रवि.
अब्बा रिक्षाने वारज्याला गेले. किल्ली खिळ्यावर.
यांनी जन्मभर शिलाई मशीन पायाने चालवली. मी मोटर बसवून दिली होती, ती काढून ठेवली. माझा पाय म्हणेन त्या टाक्यावर थांबतो, असं गिऱ्हाइकांना ऐकवायचे. आता जिना उतरताना कठडा धरतात. गेल्या महिन्यात धरत नव्हते. मला बघवत नाही.

१९ नोव्हें., बुध.
अब्बांना डॉक्टरकडे नेलं. एक्स-रे. वयाच्या मानाने गुडघा उत्तम. रिक्षात बसल्यावर अब्बा म्हणाले, भला माणूस आहे, मन राखतो.
चहाच्या वेळी रुखसानाला म्हटलं, तुमच्यामुळे मी गप्प बसलोय. ती म्हणाली, "शर्यतीपायी गप्प आहात तुम्ही. आमची नावं कशाला घेता?"


२२ नोव्हें., शनि.
सांगितलं. अब्बांना गॅरेजात बोलावलं, गेज लावला, नाचणारा काटा दाखवला. ओढ, बूस्टर, पेडल, सगळं. 
घरात आम्ही हिंदी बोलतो. अब्बा मराठीत उतरले की समजायचं, समोर गिऱ्हाईक आहे.
"म्हणजे माझा पाय ठीक आहे."
हो म्हटलं.
"आणि हे आपल्याला कधी समजलं?"
ज्या दिवशी तुम्ही सांगितलंत, त्याच दिवशी.
"छान. घरात बरीच शांतता झाली असेल."
 म्हटलं, शर्यत राहू दे, जुना कॅम उद्या परत बसवतो. बाकाखालून काढून कागद सोडला. त्यांनी तो हातात घेतला, कापडाचा पोत बघतात तसा अंगठा फिरवला. तेल बोटाला लागलं, ते पुसत बसले. मग हिंदीत, अगदी हळू विचारलं, हा बसवला आणि तरीही जड लागला तर?
मी कॅम त्यांच्या हातातून घेऊन बाकावर ठेवला. ते घरी निघाले. जिन्यापाशी हात कठड्यावर गेला.
गॅस्केट आणून ठेवलंय. उद्या सकाळी इंजिन उघडतो. काटा अठरावर येईल, तेवढी खात्री आहे.